वानखेडे सरांच्या डोक्यातला जॉइनर

आमच्या गल्लीत कोणाकडे कुकरची एक शिट्टी जास्त झाली तरी मला कळतं. मग समोरच्या वानखेडे सरांच्या मेंदूची बायपास झाल्यावर किस्से जमणार नाहीत तर काय! मी जमवायला जात नाही हो. फक्त दार उघडं ठेवते.

सर बोथ गावच्या मराठी शाळेत मास्तर. एकदा हजेरी घेता घेता मधेच थांबले. तोंड उघडं, शब्द गायब! उजवा हात लुळा. पाच मिनिटांत सगळं जागेवर आलं, पण हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, मेंदूची नळी अडली आहे, पुढच्या वेळी शब्द परत येतीलच असं नाही.

सर मला म्हणाले, "ताई, हात गेला तं डाव्यानं जेवीन. पन मास्तराचा शब्द गेला तं ऱ्हायलं काय?"

*

ऑपरेशनच्या आधी सरांच्या बायकोला, माया वहिनींना, आधार म्हणून मीही हैदराबादला गेले. कोणी बोलावलं होतं, ते विचारू नका.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. कानापुढची रक्ताची नळी वळवून मेंदूतल्या नळीला जोडायची. दोऱ्याने न शिवता दोन इवल्याशा रिंगा एकमेकींत दाबून बसवायच्या.

सरांचे भाऊ किसनभाऊ तलमडुगू गावी ठिबकच्या नळ्यांवर कापूस लावतात. ते लगेच म्हणाले, "म्हंजे ड्रिपचा जॉइनर!"

"बरोबर!" डॉक्टर हसले.

"मंग लीक हाय का, ते पानी सोडून पाह्यसान ना?"

"पाहतो. रक्त सोडून!"

"तरी एक एक्स्ट्रा ठेवा साहेब. आमचा नेहमी एक फुटते!"

*

ऑपरेशन नीट होऊन सर घरी आल्यावर नियम कडक. डोक्याच्या डाव्या बाजूला काही घट्ट नको, चष्म्याची दांडीसुद्धा नको. वहिनींनी ती दांडीच काढून टाकली! चष्मा एका कानावर लटकलेला.

मी विचारलं, "सर, सगळं तिरपं दिसत असेल ना?"

"नाई ताई. तुमी तं आधीपासूनच दारातून तिरप्या दिसता!"

*

दुसरा नियम, कानापुढे हलकं बोट ठेवून ठोका पाहायचा. ठोका लागला म्हणजे जोड चालू. वहिनी दिवसातून दहा वेळा पाहायच्या. मग कढीपत्ता मागायला गेले की मीही.

एक दिवस ठोकाच लागेना! मी ओरडले, "वहिनी, धावा!"

सर शांतपणे म्हणाले, "ताई, ते हाड हाय. बोट खाली घ्या."

*

मग आला सरांच्या रिटायरमेंटचा समारंभ. सगळी गल्ली बोथला. फेटा बांधणारा पुढे झाला, तशा वहिनी आडव्या आल्या.

हेडमास्तर गोंधळले. "काऊन वैनी? फेट्याबिगर सत्कार कसा?"

सर म्हणाले, "हिले बांधा. डोकं माझं, पन जपून राह्यली हे!"

गुलाबी फेटा बांधून वहिनी ऐटीत खुर्चीवर बसल्या. सर माइकपाशी गेले.

"लेकरांनो, त्या दिवशी अर्धी राह्यलेली हजेरी मी वापस येऊन पुरी घेतली!"

आणि थांबले. तोंड उघडं.

किसनभाऊ ताडकन उभे. वहिनी फेट्यासकट धावल्या, सरांच्या कानापुढे बोट ठेवलं आणि माइकमधून सगळ्या शाळेला ऐकू गेलं, "चालू हाय!"

सर म्हणाले, "अवं, मी टाळ्यांसाठी थांबलो होतो!"