बेसमेंटमधला सत्यनारायण

आमच्या घरी वर्षातून एकदा कुस्ती बघतात.

एवढं साधं वाक्य. पण ते मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. शाळेतल्या मैत्रिणींना नाही, ऑफिसात नाही, ज्याच्याशी लग्न करायचं होतं त्या निखिललाही नाही. लाल मातीतली कुस्ती असती तर सांगितलंही असतं, तिला काही परंपरा असते. आमची अमेरिकन! चकचकीत चड्ड्या, फटाके, पाठीवर मोडणाऱ्या खुर्च्या आणि वर्षातून एका रविवारी या सगळ्याची जत्रा. बाबांनी तिचं नाव ठेवलंय महाकुस्ती.

आम्ही ठाण्यात होतो तेव्हा ही महाकुस्ती सोमवारी पहाटे टीव्हीवर लागायची. बाबा दरवर्षी त्या सोमवारी ऑफिसला फोन करून कण्हायचे, "साहेब, पोट बिघडलंय." यांच्या पोटाला ऋतुमान कळतं, अशी साहेबांची शेवटी खात्री झाली. मी आठवीत असताना आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला आलो. बाबा मोटारींच्या कंपनीतल्या नोकरीसाठी आले असं सगळे समजतात. खरं कारण असं की इथे महाकुस्ती रविवारी संध्याकाळी असते, रजा लागत नाही! तेव्हा त्या एका संध्याकाळसाठी केबलवाल्यांना वेगळे पैसे भरावे लागायचे. आई त्याला 'वर्षश्राद्ध' म्हणायची. पुढे स्ट्रीमिंग आलं, श्राद्धाचा खर्च वाचला, पण नाव राहिलं. साथीच्या वर्षी स्टेडियममध्ये प्रेक्षकच नव्हते, तर प्रेक्षकांचं काम बाबांनी आमच्या बेसमेंटमधून एकट्यानं केलं. शेजारच्या बाईंनी काळजीनं फोन केला होता.

घराचा इतिहासही बाबा महाकुस्तीवरूनच सांगतात. "अहो, हे घर आपण कधी घेतलं?" असं आईनं विचारलं की उत्तर येतं, "टॉर्पेडो पिंजऱ्यावरून पडला ना, त्याच वर्षी." माझा जन्म? "मिस्टर ग्रॅनाइट पहिल्यांदा हरला तेव्हा." (ग्रॅनाइट त्यांचा लाडका पैलवान, म्हणून हे सांगताना त्यांचा चेहरा पडतो. मी ते मनाला लावून घेत नाही.)

तर गेल्या वसंतातली गोष्ट. निखिलचे आईवडील शॉमबर्गला राहतात. ते आमच्या भागात एका मुंजीला आले होते. निखिलच्या आई म्हणजे शुभदाकाकू मराठी शाळा चालवतात. त्यांच्या घरी पाण्याच्या ग्लासाखालीसुद्धा बशी असते. लग्नाला त्यांनी अजून 'हो' म्हटलं नव्हतं. 'बघू' म्हटलं होतं. त्या 'बघू'वर मी सहा महिने जगत होते. आणि नेमका महाकुस्तीच्या दुपारी त्यांचा फोन आला.

"अगं, मुंज आटोपली. संध्याकाळी सगळ्यांनी बाहेर जेवायला जाऊ या? तुझ्या आईबाबांशी निवांत भेट होईल."

खाली बाबा टीव्हीसमोर सोफा सरकवत होते. मी घाबरले. घाबरले की माझ्या तोंडून मराठीत एकच संपूर्ण वाक्य येतं आणि ते नेहमी चुकीचं असतं.

"काकू, आज आमच्याकडे सत्यनारायण आहे."

"अरे वा! मग असू दे, पूजा सोडून कुठे येणार तुम्ही," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी स्वतःवर खूश झाले. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, हे मला एरवी फारसं आठवत नाही. त्या दिवशी आठवायला हवं होतं. कारण मराठी माध्यमातल्या कुठल्याही मुलीला हे माहीत असतं, की सत्यनारायणाच्या प्रसादाला आमंत्रण लागत नाही. उलट पूजा आहे असं कानावर आल्यावर न जाणं हेच वाईट!

सात वाजता बेल वाजली. दारात काकू, काका आणि निखिल. काकूंच्या हातात नारळ आणि शेवंतीची फुलं.

"म्हटलं, फक्त तीर्थप्रसाद घेऊन निघू," काकू म्हणाल्या.

त्यांना सोफ्यावर बसवून मी स्वयंपाकघरात धावले. आई मिस्टर ग्रॅनाइटचं तोंड छापलेला टी-शर्ट घालून नाचोजवर चीज किसत होती.

"आई, बाहेर काकू आल्यात. आपल्याकडे सत्यनारायण आहे."

"आपल्याकडे? कधी?"

"सकाळी झाला."

"आणि मला बोलावलं नाहीस?"

"आई, प्लीज! शिरा कर ना."

"रवा संपलाय. अ‍ॅव्होकाडोची ग्वाकामोली आहे, चालेल का देवाला?"

मी कपाळाला हात लावला. आईनं टी-शर्टवर शाल गुंडाळली. तरी ग्रॅनाइटचा एक डोळा शालीतून सगळीकडे बघत होता. फ्रिजमध्ये दूध, मध, साखर सापडली. दही होतं, पण फ्लेवरचं. विचार करायला वेळ नव्हता. वाटीत ढवळलं, वर तुळस म्हणून पुदिन्याचं पान टाकलं. (ही ओळ लिहितानाही माझे कान गरम झालेत.)

काकूंनी उजवा तळहात नीट पुढे केला, डोळे मिटून तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि डोळे उघडले.

"व्हॅनिला?"

"इकडचं दही, काकू..."

"छान आहे हं," काका म्हणाले. "अजून मिळेल?"

"तीर्थ आहे, मिल्कशेक नाही," काकूंनी त्यांना गप्प केलं. मग माझ्याकडे वळल्या. "पूजा कुठे मांडली आहे गं? नारळ ठेवून नमस्कार करते."

घरात त्या क्षणी दार बंद असलेली एकच जागा होती. मला वाटलं, तिथे कशाला कोण उतरेल!

"बेसमेंटमध्ये," मी म्हणाले.

आणि खालून आरोळी आली, "मार! उचल आणि आपट! सोडू नकोस त्याला!"

निखिल माझ्याकडे बघत होता. मी गालिच्याकडे बघत होते.

"गुरुजी अजून आहेत वाटतं," काकू म्हणाल्या आणि नारळ घेऊन जिना उतरू लागल्या.

मी मागे धावले, "काकू, खाली जरा पसारा..." पण काकू पोचल्या होत्या. बाबा सोफ्यावर उभे होते. कमरेला विजेत्या पैलवानाचा सोनेरी पट्टा, दोन्ही हात वर. नारळ आणि फुलं घेतलेली बाई बघून त्यांना काय वाटलं देव जाणे. ते ओरडले, "या, या! अगदी वेळेवर आलात! आता शेवटचीच आहे!"

"वेट," माझ्यामागून निखिल म्हणाला, "हे रेसलिंग आहे? यू गाइज वॉच रेसलिंग?"

मला कोणीतरी खुर्ची मारली असती तर बरं वाटलं असतं.

काकूंनी बेसमेंटभर नजर फिरवली. चौरंग नाही, कलश नाही, केळीचे खांब नाहीत. त्या सावकाश पुढे गेल्या, टीव्हीच्या खाली नारळ ठेवला, त्यावर फुलं वाहिली आणि हात जोडले. मग खुर्चीत बसून बाबांना विचारलं, "हे सगळं खोटं असतं ना हो?"

"छे!" बाबा दुखावले. "पडतात ते खरं, लागतं ते खरं. फक्त कोण जिंकणार, ते आधी ठरलेलं असतं."

"अच्छा. मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखं."

एव्हाना आई आणि काकाही खाली आले होते. काकांना ठसका लागला. आईनं नाचोज पुढे केले. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून 'सॉरी' हा शब्द मराठीत कसा म्हणतात ते आठवत होते.

"काकू, चुकलं माझं," शेवटी म्हणाले. "मला वाटलं, हे बघून तुम्ही... आमच्याबद्दल..."

"कुस्ती बघितल्यानं घराण्याला काही होत नाही," काकू म्हणाल्या. "आमचे हे जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत जाऊन क्रिकेट बघतात, फोन छातीशी धरून. पण पूजा मात्र तू बोललीस. बोललेली पूजा राहून चालत नाही. करावी लागेल."

"करते ना, काकू! पुढच्याच रविवारी करते!"

"एकटीनं? सत्यनारायणाला जोडीनं बसतात," काकू म्हणाल्या. "म्हणजे आधी लग्न आलं."

माझ्या डोक्यात हे शिरायला वेळ लागला. निखिलचं तोंड उघडंच राहिलं. 'बघू'चा 'हो' झाला होता आणि तोही शिक्षा म्हणून! बाबांनी सोफ्यावरून उडी मारून काकांना मिठी मारली. (पट्टा काकांच्या पोटात रुतला. तरी त्यांनी बाबांची पाठ थोपटली, फार सज्जन आहेत.)

लग्नानंतर शॉमबर्गला रीतसर पूजा झाली. सव्वाच्या मापाचा शिरा, खरी तुळस, खरे गुरुजी. कथा सुरू झाली. देवाशी खोटं बोलणाऱ्या साधुवाण्याचा अध्याय आला आणि गुरुजी रंगात येऊन सांगू लागले, खोटं बोलणाऱ्याच्या नावेतल्या धनाचा पालापाचोळा कसा होतो ते. काकू, काका, आई, बाबा, निखिल, सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. माझी मान जी खाली गेली, ती आरती होईपर्यंत वर आली नाही.

त्याच क्षणाचा फोटो आता काकूंच्या दिवाणखान्यात लावलाय. येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोर थांबतो आणि म्हणतो, "सून किती संस्कारी मिळाली हो तुम्हाला! मान वर करून बघतसुद्धा नाही!"