दाराआडच्या भाकऱ्या

सन दोन हजार अकरा. मी छप्पन्न वर्षांचा होतो, आणि माझ्याच उंबऱ्याबाहेर उभं राहून शेजारणीने मला रिकामा ठरवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. आता पुन्हा जनगणना येतेय, या खेपेला मोबाईलवर भरून घेणार म्हणतात, म्हणून तो राग आधीच कागदावर काढून ठेवतो. शाळा माझी चौथीपर्यंत. शुद्धलेखन ज्याला बघायचंय त्याने दुसरीकडे जाऊन बघावं.

आमची खोली लालबागला, चाळीत दुसऱ्या मजल्यावर. मी गिरणीत साचे चालवले, म्हणजे कापडाचे माग. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी धरली. तिथे कालपरवा मिसरूड फुटलेला पोरगा गाडीतून मला म्हणाला, "ए, गेट खोल." मी गेट खोललं, माझी टोपी त्याच्या गाडीच्या टपावर ठेवली आणि घरी आलो. त्यानंतर कोणाची नोकरी केली नाही. तोवर बायको हॉस्पिटलात आया म्हणून कायम झाली होती. त्याच सुमाराला आई मोरीत घसरली, खुबा मोडला आणि तिने खाट धरली ती धरलीच. मग बायकोने ड्युटी करायची आणि मी घर बघायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, कोणी कोणाशी बोललं नाही. एका पहाटे तिला उशीर होत होता, मी पीठ मळायला घेतलं, ते तेव्हापासून माझ्याच हातात राहिलं.

आता आमच्या कोकणी माणसाची गंमत बघा. बाप्याने पिशवी घेऊन बाजारात जावं, बांगड्याचे कल्ले उघडून बघावेत, कोळणीशी घासाघीस करावी, त्यात मान आहे. तोच बांगडा घरी आणून साफ करायला बसला की झाला बायल्या. म्हणून मी दार लावून घ्यायचो. चाळीत भरदिवसा दार लागतं ते घरात भांडण असलं तर, नाहीतर कोणाला न्हाऊ घालत असले तर. माझं रोज लागायचं. पहाटे बायको तयारी करत असताना मी भाकऱ्या थापायचो, तो आवाज तिच्या नावावर जायचा. दुपारी भात आणि आमटी, त्याला आवाज नाही. आईला पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, चादरी धुवायच्या. त्या चादरी मात्र संध्याकाळी बायको आली की ती वाळत घालायची, सगळ्यांदेखत. चाळीने आपला अंदाज बांधला. कोणी म्हणे हा दार लावून झोपतो, कोणी म्हणे पितो. मी ऐकून घेतलं. ऐतखाऊ म्हणा, बेवडा म्हणा, पण चुलीपुढचा म्हणू नका, एवढाच माझा हट्ट.

त्या दुपारी दार वाजलं तेव्हा मी आईला पुसत होतो. हात धुऊन दार उघडेपर्यंत माझा निकाल लागलेला. बाहेर गॅलरीत म्युनिसिपालटीच्या शाळेतल्या एक बाई उभ्या, गळ्यात ओळखपत्र, हातात पुठ्ठा आणि त्यावर तो मोठा कागद. त्यांना सगळी माहिती पुरवत होती आमच्या बाजूच्या खोलीतली वहिनी. ही वहिनी घरी पोळ्या लाटून दादरच्या एका पोळीभाजी केंद्राला देते. तिचं आधीच लिहून झालं होतं, काम करणारी म्हणून.

"म्हातारी खाटेवर आहे, तिला अवलंबित लिहा. ह्यांची बायको हॉस्पिटलात," वहिनी सांगत होती. "आणि हे भावजी... ह्यांचं काय लिहिणार, घरीच असतात."

"निवृत्त?" बाईंनी विचारलं.

"कसले निवृत्त! रिकामेच."

बाईंच्या कागदावर प्रत्येक प्रकाराला आकडा ठरलेला, त्यांनी माझ्या रकान्यात तो घालून टाकला. मी म्हटलं, "काय लिहिलंत माझं?"

"अवलंबित, काका."

"कोणावर?"

"म्हणजे... घरात जे कमावतं त्याच्यावर."

"आणि आई?"

"त्यासुद्धा अवलंबितच."

"ती कोणावर आहे? तिला घास भरवतो कोण? जी बाई माझ्यावर अवलंबून आहे ती अवलंबित, आणि ज्याच्यावर अवलंबून आहे तोही अवलंबित? बाई, तुम्ही पोरांना असंच गणित शिकवता का?"

बाई बिचाऱ्या घामाघूम. अजून वरचे दोन मजले राहिले होते त्यांचे. पण वहिनी कसली गप्प बसते! ती म्हणाली, "काहीतरीच काय भावजी! सगळं करून तर ती जाते सकाळी. भाकऱ्यांचा आवाज आम्हाला भिंतीतून येतो ना रोज."

"तो आवाज माझा आहे!" मी ओरडलो.

ओरडलो आणि मग कळलं काय बोलून बसलो ते. पलीकडचे दोघे कॅरम सोडून उठले. जिन्यातून कोणीतरी वर आलं. वहिनीचं तोंड उघडं ते उघडंच. आणि इतका वेळ डोळे मिटून पडलेली आई खाटेवरून म्हणाली, "ह्याच्या हातची आमटी चाखून बघ गो बाय, मगे लिव काय ता."

तेव्हा जे हसले सगळे! वहिनी तर पदराने डोळे पुसायला लागली. "भावजी, अहो आधी नाही का सांगायचं! माझ्याकडे पोळ्यांना हात कमी पडतात."

मी मागे हटलो नाही. अब्रू गेलीच होती, आता निदान खरं तरी लिहून घेऊ म्हटलं. "बाई, खोडा ते. घरकाम लिहा."

"काका, खाडाखोड करायला आम्हाला मनाई आहे हो. आणि पुरुषांचं घरकाम... कोणी सांगत नाही तसं."

"मी सांगतोय ना! मुडदा आहे का मी? खोडा."

शेवटी त्यांनी खोडलं, बाजूला सही केली, नवा आकडा घातला. मला वाटलं जिंकलो. छाती पुढे काढून विचारलं, "आता आलो ना मी काम करणाऱ्यांत?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "नाही काका. घरकाम हे काम न करणाऱ्यांतच येतं. ज्याने काही मिळकत होते ते काम. तुमचं नुसतं नाव बदललं, बाजू तीच."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ही वहिनी भिंतीच्या त्या बाजूला पोळ्या लाटते ती कामगार. मी ह्या बाजूला भाकऱ्या थापतो तो बिनकामाचा. मग उद्यापासून मी हिच्या घरी थापतो, ही माझ्या घरी लाटेल, एकमेकांच्या हातावर पैसे ठेवू. मग?"

"मग दोघांचं काम म्हणून लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या, हेच वाईट. त्यांना वरून जसं शिकवून पाठवलं तसं त्या सांगत होत्या. ज्याने कोणी हा कागद बनवला त्याला मी कधी बघितलं नाही. पण त्याच्या घरी त्याची भाकरी आपोआप फुगते काय, हे मला त्याला एकदा विचारायचंय. त्याची म्हातारी आई अंगाखालची चादर स्वतःच बदलते काय? सगळ्या देशात असं करणाऱ्या बाया किती असतील! त्या सगळ्या ह्याच बाजूला, रिकाम्यांत. बायका गप्प बसतात म्हणून खपलं. मी बसणार नाही.

बाई आईला नमस्कार करून वर गेल्या. मी दार लावलं. सवयीने.

संध्याकाळी बायको आली. जिन्यातच तिला सगळी कथा मिळाली होती. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "अहो, बरं झालं. आता तरी दार उघडं ठेवा. तव्याच्या उकाड्याने आईंचा जीव गुदमरतो, किती वर्षं सांगतेय तुम्हाला."

"तुला लाज नाही वाटली? सगळी चाळ हसली."

"लाज कसली? हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक आहे, माझ्या डब्यातली भाकरी नवऱ्याच्या हातची असते म्हणून. पहिली तीच संपते."

म्हणजे तिथे सगळ्यांना ठाऊक, आणि मी इथे दार लावून घामाने निथळतोय! मला तिचाही राग आला. मी जेवलो नाही. पण तिला आणि आईला वाढलं. उपाशी ठेवणं माझ्याच्याने होत नाही, कागदावर काही का असेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. शेगडी, रबराची नळी पुरेल तेवढी, दाराकडे ओढली. परात थेट उंबऱ्याला लावली आणि गॅलरीकडे तोंड करून बसलो. पहिली भाकरी अशी थापली की वरच्या मजल्यावर ऐकू जावी. वहिनी कळशी घेऊन नळावर निघाली होती. थांबली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "भावजी, कडेला जाड राहिली."

"तुमच्या पोळ्या बघा, वहिनी," मी म्हटलं, आणि दुसरी थापायला घेतली.