भिकुबाईनं धरलेलं छत

शिंदखेड्यात झुलालच्या मधल्या खोलीला चुन्याचं छत होतं. वर मातीचं धाबं, खाली बांबूच्या कामट्यांवर पांढराशुभ्र गिलावा. आळीत असं छत दुसऱ्या कुणाचं नव्हतं, त्याचा झुलालला कोण अभिमान! १९३३ च्या पावसाळ्यात धाबं गळलं, छत फुगलं आणि एका दुपारी सुपाएवढी ढलपी नेमकी जेवणाच्या ताटांत कोसळली. हसता हसता झुलालच्या धाकट्या भावाला, भाईदासला ठसका लागला.

झुलालनं मात्र सगळं छतच पाडायला पहार उचलली. "बठ्ठं पाडी टाकसू!"

"हात तर लावा! मी करसू नीट," म्हणत त्याची बायको भिकुबाई आडवी आली.

शेती बेताची म्हणून धुळ्यात गवंडीकाम करणाऱ्या उखर्डूची ती लेक. लहानपणी तिनं बापाला चुना कालवून दिला होता. पण बाईमाणसाच्या हाती थापी त्यानं कधी दिली नाही. आता तिनं खाटेवर पाट ठेवला, वर चढली आणि भोक बुजवून टाकलं.

सकाळी सगळा चुना जमिनीवर.

"वहिनी, छत तं पायाशी उनं!" भाईदास म्हणाला.

भिकुबाईला रडू फुटत होतं, पण तिनं ते गिळलं. पडलेला गोळा उलटून पाहिला, तर वरची बाजू चिंब. "पानी अजून येस," ती नवऱ्याला म्हणाली आणि पदर खोचून थेट धाब्यावर गेली. पन्हळ गवतानं तुंबली होती. पाणी मागं साचून घरातच उतरत होतं. झुलालही कुरकुरत वर आला. दोघांनी पन्हळ मोकळी केली, पाणी झिरपू न देणारी खारी माती पसरून चोपली.

मग ती थांबली. कामट्या खडखडीत वाळेपर्यंत तिनं चुन्याला हात लावला नाही. नंतर बोटाच्या पेरानं छत ठोकत गेली. पोकळ वाजेल ते काढलं, घट्ट वाजेल ते ठेवलं. भोक वाढत वाढत निम्म्या छताएवढं झालं, तेव्हा तिचाही धीर सुटायची वेळ आली. पण चुन्यात वाळू, बारीक कातरलेला अंबाडीच्या सालीचा वाख आणि गुळाचं पाणी घालून तिनं पातळ थर चढवला, पुढचा थर धरावा म्हणून फणीनं ओरखडला, सुकू दिला, त्यावर दुसरा दिला. मान अवघडली, डोळे चुन्यानं झोंबले. छत जागचं हललं नाही.

दसऱ्याच्या तोंडावर परतीचा पाऊस धो धो कोसळला. सगळं घर मधल्या खोलीत माना वर करून बसलं. भाईदासनं मुद्दाम मधोमध पितळी परात मांडली. पाऊस ओसरला तरी परात कोरडीच. झुलालनं ती उचलली आणि ताशासारखी बडवत थेट आळीत नेली.

"वहिनी," भाईदास हळूच म्हणाला, "मन्ही खोली बी गळस."

भिकुबाई पहिल्यांदाच मोकळेपणी हसली. "पहिले तुम्ही धाब्यावर चढा, भाऊ. मंग मी थापी हातात लिसन येसू."