'कायमचा' या चौकोनातली खूण

आधी अक्कांचे सांगतो, मग माझे. अड्यारला आम्ही राहत होतो त्या घराच्या माडीवर अक्का राहायच्या. मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज तिकडे कधी गेले ते घरात कुणालाच धड ठाऊक नव्हते, आणि महाराष्ट्र त्यांनी फक्त नकाशात पाहिला होता. त्या नसत्या तर आम्ही नवराबायको मद्रासेत टिकलोच नसतो, हे मी आजही कुणी विचारो न विचारो सांगत असतो.

मी कोकणातला, खाडीकाठचा. चौथीत शाळा सुटली आणि मामाबरोबर गलबतावर चढलो. निघताना आईशी कशावरून तरी बिनसले होते. तिने दही घातले हातावर, तर मी ते झटकले आणि फणकाऱ्याने म्हणालो, "जातो मी." आई उंबऱ्यातून ओरडली, "येतो म्हण रे, येतो म्हण!" मी म्हटले नाही. पुढे तिची भेट झाली नाही. इतकेच.

गलबते बदलत बदलत कोलंबोला लागलो. तिथल्या बंदरात एका गोऱ्या कंपनीच्या कारखान्यात होड्या दुरुस्त करता करता केस पिकले. कंपनीने पेन्शन दिली. त्याच सुमारास बायकोची नजर अधू होत चालली, आणि मद्रासच्या डॉक्टरांनी सांगितले की वर्षभर इथेच राहून इलाज घ्याल तर डोळे वाचतील. म्हणून आम्ही तिकडचे बिऱ्हाड कायमचे मोडून, समुद्र ओलांडून मद्रासेत आलो. कोकणात आता होतेच कोण?

ते दिवस आठवले की सगळे पाण्याखालून पाहिल्यासारखे दिसते. सकाळी खाडीवरून पांढरे ऊन यायचे. मी ओसरीवर डोळे मिटून बसलो की लाकूड तासायच्या तासणीचा आवाज कानात यायचा, ठक् ठक्, आणि आपण कारखान्यात आहोत, की मामाच्या गलबतावर, की आणखी कुठे, हे डोळे उघडेपर्यंत कळायचे नाही. कधी रविवारी बसने मद्रासजवळच्याच कोवलमला जायचो. डोळ्यांना पट्टी बांधलेली बायको वाळूत बसून विचारायची, "ह्या लाटा कुठल्या हो? तिकडच्या की आपल्या?" मी म्हणायचो, "पाणी एकच." ती म्हणायची, "वास मात्र आपल्याकडचा नाही."

अशात आयकर कचेरीची नोटीस आली. इंग्रजीत. मी ती तांदळाच्या डब्याखाली ठेवली आणि दोन दिवस त्या डब्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मला दिसत नाही म्हणून तुम्हीपण बघायचं सोडलंत काय? द्या अक्कांना."

अक्कांनी चष्मा पुसला, नोटीस वाचली, पुन्हा वाचली. "अय्यो, एवढंच की! जेल-बील काही नाही, भाऊ. बसा, काफी घ्या." मग शाळेतल्यासारखे समजावून सांगितले. माझ्या पेन्शनीतून कोलंबोला कर कापून घेत होते. मी इथे राहू लागलो म्हणून त्याच पैशांवर इथलेही सरकार कर मागत होते. एकाच कमाईवर दोनदा कर पडू नये अशी सोय दोन्ही देशांत होती, पण त्याआधी मी नक्की कुठला राहणारा ते कागदावर ठरायला हवे होते. आणि कोलंबोच्या कागदावर मी तिथलाच होतो. तात्पुरता बाहेर गेलेला.

"असं कसं लिहिलं त्यांनी?" अक्का म्हणाल्या.

मी खाली मान घातली. त्यांनी नव्हे, मीच लिहिले होते. निघताना कंपनीच्या कचेरीत एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात दोन चौकोन होते, 'परत येणार' आणि 'कायमचा जाणार'. कारकून वाचून दाखवत होता. पेन माझ्या हातात होते आणि कायमच्यापुढे खूण करायला हातच उठेना. मी 'परत येणार'पुढे केली.

दोन्हीकडे कर पडला तर भाडे निघणार नव्हते. भाडे निघाले नाही तर मद्रास सुटणार. मद्रास सुटले तर बायकोचे डोळे जाणार. मी मनात एवढाच जप करीत होतो.

कचेरीत अक्का माझ्याबरोबर आल्या, टी. नगरच्या बसमधून, गर्दीत छत्री पुढे करून वाट काढीत. साहेब तमिळ, तरुण, कपाळावर विभूती. त्यांनी फाइल उलटून अक्कांना तमिळमध्ये विचारले, "यांना जर परत जायचं नव्हतं, तर 'परत येणार' असं का लिहिलं? कर चुकवायला?"

मला तेवढे तमिळ समजत होते. अक्कांनी मात्र शांतपणे दही, उंबरा, माझी आई, सगळे सांगितले. मी त्यांच्याजवळ कधीतरी ओसरीवर बोललो असेन. साहेबांनी पेन खाली ठेवले.

"माझी आई," ते म्हणाले, "मी नुसतं 'जातो' म्हटलं तर परत आत बोलावते, पाणी पाजते, आणि 'जाऊन येतो' म्हणवून घेते. आजही. या खुर्चीवर बसतो तरी." मग हसून म्हणाले, "पण अम्मा, देवाला जे चालतं ते फाइलीला चालत नाही. यांनी कोलंबोला लिहून द्यावं की आता परत येणार नाही."

अक्कांनी मला मराठीत विचारले, "लिहितां ना, भाऊ?"

मी कागद ओढला. पेन धरले. इतक्या वर्षांनी पुन्हा तोच उंबरा समोर आला. टोक कागदाला टेकवले आणि पुन्हा उचलले. बायकोचे पट्टी बांधलेले डोळे आठवले, तरी हात पुढे सरकेना. स्वतःची लाज वाटली.

अक्कांनी माझ्या हाताकडे पाहिले. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "हा माणूस कुठून गेला ते तुम्हाला हवं, की कुठे राहतो ते?"

"राहतो कुठे ते."

"सेरि, ठीक. मग जाण्याचं नको लिहायला." आणि त्यांनी मला सावकाश, फळ्यावर लिहून द्यावे तसे, सांगितले, "लिहा. मी माझ्या देशात आलो आहे. माझे घर आता मद्रासेत आहे. मी इथेच राहतो."

आलो आहे, हे लिहायला हाताला काहीच झाले नाही. एकेक अक्षर जुळवत मी मराठीत लिहिले. अक्कांनी खाली त्याचे इंग्रजी केले. साहेबांनी शिक्का मारला. काही महिन्यांनी कोलंबोहून उत्तर आले, तिकडची कपात थांबली, आणि इथे जेवढे भरायचे तेवढे मी दरवर्षी वेळेवर भरत राहिलो. बायकोचा डावा डोळा गेला. उजव्याने ती तांदूळ निवडते.

उठताना त्या दिवशी साहेबांना मी नमस्कार केला आणि तमिळमध्ये म्हणालो, "पोइट् वरेन." जाऊन येतो. ते म्हणाले, "नको हो, इथे तरी परत येऊ नका!" अक्का बसमध्ये बसेपर्यंत हसत होत्या.

अक्कांनी माझ्याकडून काही घेतले नाही. भाजी नाही, रिक्षाचे भाडेसुद्धा नाही. एकदाच विचारले होते, "सगळे जिथे मराठी बोलतात, भाजीवालीपण, तिथे कसं वाटतं हो?" अक्का, आता तुमचे गुडघे दुखतात आणि माझेही. पण एक दिवस तुम्हाला माझ्या खाडीकाठी नेईन. बाजारात उभे करीन. भाजीवालीशी तुम्ही भांडा, मी पिशवी धरीन. आणि तिथून निघताना, आई ज्या उंबऱ्यात उभी होती तिथे, तुमच्यासमोर 'येतो' म्हणेन.