आईने लावलेला कौल

आईचा डावा हात वर होईना, म्हणून तिचं धुणं माझ्याकडे आलं आणि बिंग फुटलं. चोळीवर एकाच बाजूला लाल डाग होते. रक्त समजून मी घाबरले, पण तो हळद-चुना निघाला. स्तनातल्या गाठीवर वर्षभर ती हा लेप घालत होती.

गोवा घटक राज्य झालं ते वर्ष. मी डिचोलीत मराठी शाळेत शिकवत होते, आईने पासष्टी ओलांडली होती. तिला जवळजवळ ओढतच मी पणजीच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्तन काढावा लागेल, पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही, महिन्याभरात या. गाठ कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. "आठ दिस झाले," आई म्हणाली. मला तिथेच तिच्यावर ओरडावंसं वाटलं.

परतताना बस खनिजाच्या ट्रकांमागे रखडली होती. "ह्या वयात परक्या पुरुषांपुढे आंग उघडा करू?" ती म्हणाली. "आदी देवाक इचारतंय. देव सांगात तसा."

आमच्या घरात लग्न असो की विहीर, कुलदेवाला विचारल्याशिवाय काही हलत नसे. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला रजा नव्हती. सोमवारी ती एकटीच पेडण्याला कुलदेवाच्या देवळात गेली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, "डावो कौल दिल्यान." मग तांदूळ निवडायला बसली.

मी भांडले, रडले. भाऊ म्हणाला, देवाचा शब्द कसा मोडायचा? खरं सांगायचं तर, शिकलेली असून माझीही हिंमत झाली नाही.

पुढे गाठ फुटली. उदबत्त्या लावूनही खोलीतला वास जाईना. शेवटपर्यंत तिने माझ्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही. ती गेल्यावर मी पेडण्याचं नाव टाकलं. माझ्या आईला मारणारा देव मला नको होता.

वर्षश्राद्ध झाल्यावर भावाच्या आग्रहाखातर त्या देवळात जावं लागलं. तो बाहेर पाय धूत होता. गुरवांनी मला ओळखलं, आईची चौकशी केली. ती गेली, असं मी सांगितलं.

"देवान उजवो कौल दिल्लो," ते म्हणाले. "मीच पाकळी तिच्या हातार ठेयली. मागीर ऑपरेशन फसलां काय?"

मला तिचा भयंकर राग आला, आणि तितकीच तिची दया आली. पण देवासमोर तिला खोटी पाडणं मला जमेना.

"होय," मी म्हटलं. "फसलं."