गडाला निघालेला फोन

आमचा फोन एकटाच नारायणगडाला निघाला, तेव्हा आम्ही दोघं घरीच होतो.

ओवी आणि निमिष, ही हकिगत तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितली असणारच. म्हणजे निम्मी हसण्यात गेली असणार आणि उरलेली निम्मी चुकीची असणार. म्हणून मी ती क्रमाने लिहिते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, क्रम सोडून बोलायची मला सवय नाही. (हीच सवय पुढे नडली. पण तेही क्रमाने येईल.)

त्या दिवशी तुमच्या धाकट्या बहिणीचं बारसं होतं. नाव आजीने ठरवायचं आणि आजीनेच फोनवरून जाहीर करायचं, असं तुमच्या आईबाबांनी मला सांगितलं होतं. तिकडे लंडनला दुपार, इकडे संध्याकाळ. नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही. त्यांना सकाळी सांगितलेलं गुपित संध्याकाळपर्यंत गावभर फिरून पुन्हा मलाच ऐकायला मिळतं! तेव्हा जगात ते नाव फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायला फक्त तो फोन होता.

फोन मात्र मोठा दणकट. देताना तुमचा बाबा म्हणाला होता, "आई, पडला तरी फुटत नाही, पाण्यात बुडाला तरी बिघडत नाही, आणि बॅटरी दोन दिवस चालते." आजोबांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. तेव्हापासून घरी येईल त्या पाहुण्यासमोर ते फोन ओट्यावरून अंगणात टाकून दाखवायचे.

"बघा! झालं काही?"

"फोनला न्हाई झालं, आण्णा," शेजारच्या कौसाबाई एकदा वाकून बघत म्हणाल्या, "पर फरशीचा टवका गेलाय."

मग मी फोनला लोकरीचं कव्हर विणलं. फोनसाठी नाही, फरशीसाठी.

आजोबांचा स्वतःचा फोन म्हणजे बटणांचं जुनं डबडं. मागचं झाकण रबराने बांधलेलं. बोलणाऱ्याला ओरडावं लागतं, ऐकणाऱ्याला कान दाबून धरावा लागतो. पण त्याची बॅटरी आठवडाभर उतरत नाही! "तुझा फोन दोन दिवस चालतो म्हणे?" असं विचारून ते डबड्यावरून नुसता हात फिरवतात.  ते हात फिरवणं फार बोचतं.

माझी बॅटरीही दोन दिवस चालली असती, पण माझा एक नियम होता. पूर्ण उतरल्याशिवाय फोन चार्जिंगला लावायचा नाही. भूक लागल्याशिवाय कुणी जेवायला बसतं का? त्यामुळे फोन बहुतेक वेळ उपाशीच असायचा.

बारशाच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात भाषणाची तालीम करत होते. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता, कॅमेरा माझ्याकडे. आरशासारखं सगळं दिसतं! आधी स्वागत, मग नाव ठेवण्याच्या प्रथेविषयी थोडंसं, मग आपल्या घराण्याविषयी थोडंसं, मग नाव. तालीम परत परत केली. शेवटच्या तालमीला बॅटरीची खूण लाल झाली, तेव्हा मी समाधानाने म्हटलं, आता भूक लागली! एवढी ही तालीम संपवू आणि चार्जिंगला लावू. मग "आपल्या घराण्याचा हा वेल असाच पसरत जावो" असं म्हणताना मी हात पसरला.

फोन ताकाच्या पातेल्यात पडला.

नेमक्या त्याच क्षणी कौसाबाई विरजण मागायला दारात. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "बाई, कढी करताव का त्याची? फोडणी तरी द्यायची व्हती."

मी फोन काढला, नळाखाली स्वच्छ धुतला, पुसला. चालू! पडद्यावर माझाच चेहरा, पापणीवर ताक. पण चार्जर लावला तर फोनने लेखी कळवलं की आत ओलावा आहे, वाळेपर्यंत चार्जिंग करू नये. इतकी शिस्तबद्ध सूचना माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी लिहिली नव्हती.

"तांदळात खुपसून ठिवा," कौसाबाई म्हणाल्या. "आमच्या लेकाचा शेततळ्यात पडलता. तांदळात ठिवला, तर दुसऱ्या दिशी चांगला बोलाय लागला." आणि चुलीवर दूध ठेवलंय म्हणत त्या पळाल्या, विरजण न घेताच.

आता मुलांनो, आपल्या घरात तांदूळ बरणीभर, पाहुणेरावळ्यांपुरता. ज्वारी मात्र पोत्याने. त्यातही एक पोतं त्या दिवशी खास होतं. नारायणगडाच्या यात्रेत पंगती उठतात, त्यासाठी आपल्या गावातून ट्रॅक्टरची ट्रॉली फिरते आणि प्रत्येक घर ऐपतीप्रमाणे धान्य देतं. माझा दंडक असा की गडाची ज्वारी आपल्या खाण्यातल्या ज्वारीपेक्षा उजवी हवी. म्हणून ती चाळून, पाखडून, उन्हात खडखडीत वाळवून दाराशी ठेवली होती. घरातली ज्वारी अजून धुळीची, खड्यांची. आता तुम्हीच सांगा, नीटनेटक्या बाईने ओला फोन कुठल्या ज्वारीत ठेवावा?

मी तो गडाच्या ज्वारीत ठेवला. कव्हरसकट, कोपरापर्यंत हात घालून. ट्रॅक्टर यायचा होता संध्याकाळी. त्याच्या आत काढून घेऊ, चार्ज करू, म्हटलं.

ट्रॅक्टर जेवणाआधीच आला.

"बाई, वाटंतल्या गावात लगीन हाय," ट्रॅक्टरवाले बप्पा खाली उडी मारत म्हणाले. "वरातीत घावलो तं मुक्कामच पडंल. म्हनून लवकर निघालो. द्या बरं."

इथे खरं तर मला आठवायला हवं होतं. पण दारात ट्रॉली उभी, गल्लीतल्या बायका बघताहेत, अशा वेळी माणसाला फोन आठवत नाही, रुबाब आठवतो! मी पोत्याला हळदकुंकू लावलं. बप्पांच्या हातात नारळ दिला. आजोबांनी सुतळी घेऊन पोत्याचं तोंड असं शिवलं की जणू आत वाघ आहे. आणि ट्रॉली हलली तेव्हा मी स्वतः, तुमची सुशिक्षित आजी, ओट्यावरून मोठ्याने म्हणाले, "बप्पा, सांभाळून! आतलं काही सांडता कामा नये!"

जेवण झालं. जरा पडले. उठल्यावर चहा केला, आजोबांना दिला आणि फोन काढायला दाराशी गेले. दाराशी पोत्याचा गोल ठसा तेवढा होता.

"अहो," मी शांतपणे म्हटलं, "माझा फोन ज्वारीत आहे."

"बरं. मग काढ की."

"ज्वारी गडाच्या वाटेवर आहे."

आजोबांनी हातातला चहाचा कप ठेवला. (रागावले की ते कप खाली ठेवतात, घाबरले की बशीत ठेवतात. त्या दिवशी कप साखरेच्या डब्यात ठेवला.)

बप्पांना डबड्यावरून फोन लावला. रिंग जात होती, पण ट्रॅक्टरचा भोंगा भजनं गात असताना बप्पांना आपला फोन कसा ऐकू येणार? लंडनचा नंबर कुणालाच पाठ नाही, तो त्याच फोनात! शेवटी आजोबांनी स्कूटर काढली, मी मागे बसले आणि आम्ही गडाच्या दिशेने सुटलो. आमची स्कूटर उतारावर धावते आणि चढावर विचार करते.

वाटेत गाडी विचार करायला लागली की आजोबा एका हाताने डबड्यावरून माझ्या फोनला रिंग द्यायचे.

"अहो, नका लावू! प्रत्येक रिंगेला बॅटरी उतरतेय!"

"अगं, चालू आहे की बंद पडला ते तरी कळायला नको का?"

"चालू आहे हे बघता बघताच बंद पडेल!"

"वाजतोय!" आजोबा आनंदाने ओरडले आणि स्कूटर जवळजवळ उसात गेली.

फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलासमोर ट्रॉली उभी दिसली. मी हुश्श केलं. पण ट्रॉलीभोवती ही गर्दी! बायका पदर तोंडाला लावून उभ्या, माणसं ट्रॉलीच्या चाकावर चढलेली, आणि बप्पा लांब निंबाखाली, घाम पुसत.

"बाई, बरं झालं आलात," ते म्हणाले. "पोतं बोलाय लागलंय!"

ओवी, आता तुझा या गोष्टीतला वाटा ऐक. मागच्या सुट्टीत तू तुझ्याच आवाजात माझ्या फोनची रिंग करून दिली होतीस ना? "आजी, फोन उचल! आजी, ए आजी!" आवाजही पूर्ण मोठा करून ठेवला होतास, कारण आजोबांना कमी ऐकू येतं. लोकरीच्या कव्हरातून आणि ज्वारीच्या ढिगातून त्यातलं फक्त "आजी, ए आजी" बाहेर येत होतं. आणि आजोबांनी वाटभर रिंगा दिल्या होत्या!

"पोत्यात लेकरू हाय म्हनतो मी," चाकावरचा एक जण सांगत होता.

"लेकरू कसं मावंल बे त्यात?"

"मंग कोन बोलतंय? ज्वारी?"

मी पुढे झाले आणि खुलासा केला. लेकरू नाही, फोन आहे, तो माझा आहे, आणि मला तो आत्ता हवा आहे, कारण आज बारसं आहे. सगळं क्रमाने सांगितलं. गर्दी जरा निराश झाली.

पण बप्पा आडवे आले. "पोतं सोडता येनार न्हाई, बाई."

"कावून?" असं मी चक्क त्यांच्याच बोलीत विचारलं, इतकी मी हादरले.

"गडाला दिलेलं वाटंत सोडत न्हाईत. हळदकुंकू लावून, नारळ देऊन दिलंय तुमी."

"अहो, मी ज्वारी दिली. फोन नाही दिला!"

"पोत्यात काय हाय, ते देनारानं आदी बगायचं. आज तुमचा फोन निघाला. उद्या कुनी म्हनंल माजी अंगठी ऱ्हायली, कुनी म्हनंल घड्याळ. मंग मी गडावर काय नेऊ, रिकामे बारदाने?"

बिनतोड होतं. शाळेत असते तर मी त्यांना शाबासकी दिली असती. संध्याकाळ कलत होती. तुम्ही सगळे तिकडे नटूनथटून बसला असणार, बाळ पाळण्यात असणार, आणि तिचं नाव माझ्या घशात अडकलेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धूळ होती असं मी नंतर सांगितलं.)

तेवढ्यात पोतं बोललं. "आजी! ए आजी!"

"अहो, पुन्हा लावलात?" मी आजोबांवर ओरडले.

"मी नाही! डबडं तर खिशात आहे!"

म्हणजे फोन लंडनचा होता! बारसं सुरू झालं होतं!

गर्दीतली एक म्हातारी पुढे आली. "आरं ए बप्पा! नात आज्जीला हाका मारतीय आन् तू तिला कायदा सांगतूस व्हय? सोड ती सुतळी!" आणि मग फाट्यावरच्या सगळ्याच आज्या एकदम बोलायला लागल्या. बप्पांनी टोपी काढली, गडाच्या दिशेने हात जोडले आणि सुतळीला हात घातला. ती सुटेना! आजोबांची शिवण फोनपेक्षा मजबूत निघाली. शेवटी हॉटेलवाल्याने कांद्याची सुरी आणली.

"बाई, दाना खाली पडू देऊ नका," बप्पा म्हणाले. मी खांद्यापर्यंत हात घातला आणि फोन ओढून काढला.

पडद्यावर तुम्ही सगळे! निमिष, तू पहिलं काय विचारलंस आठवतं? "आजी, तुझ्या केसांत काय आहे?"

"ज्वारी," मी म्हटलं.

"आई, किती वेळ वाट बघतोय! नाव सांग!" तुमचा बाबा.

"नाव सांग गं लवकर, लाल झालीय ती बॅटरी!" तुमचे आजोबा.

पण बाळ दिसलं. झोपलेलं, एक मूठ गालाशी. आणि मागे एवढे श्रोते! मी पदर सावरला, घसा साफ केला. "सर्वप्रथम, लंडनच्या आणि फाट्यावरच्या सर्व उपस्थितांचं मी मनापासून स्वागत करते..."

"बाई, नाव!" बप्पा कुजबुजले.

"क्रमाने येतंय," मी म्हटलं.

प्रथेविषयी थोडंसं झालं. घराण्याविषयी थोडंसं झालं. या वेळी हात पसरताना मी फोन घट्ट धरला होता. "आणि म्हणूनच," मी आवाज चढवत म्हटलं, "आपल्या या चिमुकल्या पाहुणीचं नाव मी ठेवते आहे..."

पडदा काळा झाला.

 ओट्यावरून पडून, ताकात बुडून, ज्वारीत गाडला जाऊनही जो फोन जिवंत राहिला, तो माझ्या भाषणाने गेला.

मग आजोबांच्या खिशात डबडं वाजलं. तुमच्या बाबाला आजोबांचा नंबर पाठ आहे, देवाची कृपा! आजोबांनी रबर सारखं केलं आणि डबडं माझ्या तोंडासमोर धरलं. "ओरड," ते म्हणाले. "आणि फक्त नाव."

बारशाला नाव आत्याने बाळाच्या कानात हळूच सांगायचं असतं. मी ते फाट्यावर उभी राहून, सगळा जोर लावून ओरडले, "जुई!"

"जुई!" ट्रॉलीभोवतीच्या बायका ओरडल्या. त्या म्हातारीने पोत्याकडेच बघत "कुर्रर्र" केलं. हॉटेलवाल्याने घुगऱ्यांऐवजी चिमूट चिमूट साखर वाटली, आणि बप्पांनी पोतं पुन्हा शिवून, पायाशी पडलेले दाणे वेचून आत टाकून मगच ट्रॅक्टर चालू केला.

फोन आता ठणठणीत आहे. कव्हरातून अजून अधूनमधून ज्वारीचा एखादा दाणा पडतो, इतकंच. उपाशी ठेवायचा नियम मी मोडला आहे. परवा तुमचा बाबा म्हणाला, दुप्पट बॅटरीचा नवा फोन पाठवतो. तर आजोबा डबड्यात ओरडले, "नको रे! दुप्पट बॅटरी दिलीस, तर ही प्रस्तावना चौपट करील!"

या आरोपाला माझ्याकडे सडेतोड उत्तर आहे. सध्या त्याची प्रस्तावना चालू आहे.