जत्रा होईपर्यंत नळी

पाहुण्यांना काय दिसता कामा नये, हे आमच्या घरात लहानपणापासून अंगात भिनवलेलं आहे. वाळत घातलेले आतले कपडे, टवका उडालेला कप, नुकतंच होऊन गेलेलं भांडण. भराडी देवीच्या गेल्या जत्रेला त्यात आणखी एका वस्तूची भर पडली, आईच्या लघवीच्या पिशवीची. ती लपवायला माझ्या भावाने आणि वहिनीने जे काही केलं ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सारा जन्म शाळेत पोरांवर ओरडण्यात गेलाय माझा, आवाज चढवायला मला वेळ लागत नाही. तरी त्या दिवसांत माझं कोणी म्हणून ऐकलं नाही.

झालं असं की जत्रेच्या महिनाभर आधी आई मागच्या पडवीत घसरली आणि खुबा मोडला. मी लग्न केलं नाही, मसुऱ्याच्या घरात आई आणि मी दोघीच. भाऊ मुंबईला. मी शेजाऱ्यांची गाडी केली आणि फोंडाघाट चढून तिला कोल्हापूरला नेलं. प्रत्येक वळणाला आई कण्हत होती आणि मी ड्रायव्हरवर खेकसत होते. ऑपरेशन चांगलं झालं. पण त्यानंतर तिला लघवी आपणहून होईना, म्हणून लघवीच्या जागी नळी घातली, नळीला पिशवी जोडली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "चार दिवसांनी तुमच्याकडच्या डॉक्टरांकडून नळी काढून घ्या. जास्त ठेवू नका." हे मी ऐकलं, मुंबईहून धावत आलेल्या भावाने ऐकलं, वहिनीनेही ऐकलं. व्यायाम कसा करायचा, पाय किती वाकवायचा, सगळं नीट समजावलं त्यांनी. पिशवी कुठे टांगायची आणि कशाला हात लावायचा नाही, हे सांगायला मात्र कोणाला सवड झाली नाही. त्यांचाही मला राग आहेच. माणसाच्या शरीरात बाहेरची वस्तू घालता आणि ती कशी सांभाळायची ते सांगत नाही, म्हणजे काय?

कोल्हापूरला खाटेवर पडल्या पडल्या आईने एक गोष्ट ठरवून टाकली होती. हात जोडून देवीला म्हणाली, "माका पायार उभी कर गे माये, मी चलत येवन तुझी ओटी भरतलंय." मला सांगून तिथल्याच बाजारातून खण आणवला. हिरवा, लाल काठाचा. उशाशी ठेवून घ्यायची, अधूनमधून काठावरून बोट फिरवायची. तिच्या वयाच्या बाईला दुसरं काही नको होतं. आपल्या पायांनी देवळात जायचं आणि आपल्या हातांनी ओटी भरायची, एवढंच.

चार दिवस झाले तेव्हा मी रिक्षा सांगितली. नळी काढायला मालवणला जायचं होतं. तेवढ्यात भाऊ, जो आईसाठी म्हणून सुट्टी टाकून राहिला होता, मध्ये पडला.

"आता काढल्यार तिका सारख्या उठवचा लागतला गो. घर पावण्यांनी भरतला. कोण बघतला? जत्रा होऊन जावंदे, मगे काढूया."

"डॉक्टरांनी काय सांगितलं, तू होतास ना तिथे?"

"डॉक्टराक काय, बोलूक काय जाता? नळी आसा तर तिकाय बरा, तुकाय बरा."

ह्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. तुकाय बरा! म्हणजे मला आईला उठवायचा कंटाळा होता की काय? मी आईकडे पाहिलं. वाटलं, ही तरी ठणकावून सांगेल. ती म्हणाली, "जावंदे गो चेडवा. माझ्यापायी कोणाक तरास नको." झालं. रिक्षावाला आल्या पावली परत गेला.

आमच्याकडे जत्रेची तारीख ठरली की घराचं धर्मशाळेत रूपांतर होतं. मुंबईचे, पुण्याचे, गोव्याचे, ज्यांना वर्षभर आमची आठवण येत नाही ते सगळे अंथरूण मागायला हजर. कोल्हापूरहून मुंबईला परत गेलेली वहिनी पोरांना घेऊन आली आणि आल्या आल्या कामाला लागली. ती कामाची आहे, हे मी कबूल करते. एवढ्या माणसांचं रांधणं तिने एकटीने उरकलं असेल. पण तिला स्वच्छतेचं वेड आहे आणि लोकलज्जेचंही. ह्या दोन्हींच्या मध्ये माझी आई सापडली.

कोल्हापूरच्या सिस्टरने पिशवी खाटेच्या खालच्या दांडीला अडकवली होती, म्हणून मीही तशीच अडकवत होते. वहिनीने ती पाहिली आणि नाक मुरडलं.

"अहो, माणसं भेटायला येणार. समोर हे लोंबकळतंय, कसं दिसतं!"

"दिसू दे की. तिकडे हॉस्पिटलात अशीच होती."

"तिकडे हॉस्पिटल होतं. इथे घर आहे."

मी शेतातून परत येईपर्यंत पिशवी उचलून खाटेवर, आईच्या मांडीशी, पांघरुणाखाली गेलेली. वर गोधडी. मी खाली टांगली की वहिनी वर ठेवायची. ती वर ठेवली की मी खाली. मग माणसांची रीघ लागली, कोणी शहाळं घेऊन, कोणी केळी घेऊन, आणि मला चहाच्या आधणापासून हलता येईना. दिवसभर पिशवी वर. शिवाय रोज सकाळी वहिनी नळीतून पिशवी उपटून काढायची, आत गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून खळखळून धुवायची, कुंपणावर उन्हात वाळवायची आणि परत जोडायची. वर मला म्हणायची, "बघा, कशी लख्ख!" लोणच्याची बरणी धुवावी तशी! आमच्या बायका कुठलीही वस्तू टाकून देत नाहीत, धुवून ठेवतात, त्याचा त्यांना अभिमान असतो. एरवी मलाही आहे.

जत्रेच्या तीन दिवस आधी आईला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. भावाने ओळखीच्या औषधवाल्याला फोन लावला, गोळ्या मागवल्या. ताप उतरला. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ, काय झाला? उगाच आरडतंस." मी काही बोलले नाही, कारण घरात माणसं होती. बघा, मीही त्याच घरातली ना शेवटी.

जत्रेच्या सकाळी आई लवकर उठून बसली. मी तिला वेणी घालत होते. खण, नारळ, तांदूळ ताटात काढून ठेवले होते. शेजारचा मुलगा देवळाच्या वाटेपर्यंत गाडीने नेणार, तिथून पुढे चार पावलं ती चालणार, असं आमचं दोघींचं ठरलं होतं. वेणीचा पेड हातात असतानाच ती थरथरायला लागली. अंग भट्टीसारखं. "पोटात दुखता गो," म्हणाली आणि माझ्याच अंगावर कलंडली. डोळे उघडे, पण मी कोण ते तिला कळेना. मला "आये" म्हणून हाक मारायला लागली.

सगळं गाव जत्रेच्या दिशेने चाललेलं आणि आमची गाडी उलट्या दिशेने, मालवणला. समोरून येणारी माणसं आम्हाला हात दाखवत होती, थांबा म्हणून, त्यांना वाटत होतं आम्ही वाट चुकलो.

डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी विचारलं, "पिशवी कुठे ठेवता?"

वहिनी अगदी विश्वासाने म्हणाली, "खाटेवरच, पांघरुणाखाली. जमिनीला टेकू देत नाही. आणि रोज उकळत्या पाण्याने धुते."

डॉक्टरांनी एकदा डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "नळी अजून आत का आहे?"

मी म्हटलं, "घरात जत्रा आहे म्हणून." दुसरं काय सांगणार होते? खरं तेच सांगितलं.

त्यांनी नळी काढली आणि आम्हाला बोलावून दाखवली. बाहेरून साधी रबरी नळी. तोंडाशी आणि आतून मात्र मळकट पांढरा, बुळबुळीत थर धरलेला, मध्ये मध्ये रेतीसारखा खरखरीत. बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, खालच्या पायऱ्यांवर धरते ना, तशी बुळबुळ. डॉक्टर म्हणाले, नळीवर जंतू येऊन बसतात, बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्यात घर करून राहतात. गोळ्या घेतल्या की लघवीत मोकळे फिरणारे मरतात, थराखालचे तसेच राहतात. म्हणून ताप उतरतो आणि परत येतो. नळी जितके दिवस आत, तितका तो थर वाढत जाणार. पिशवी कमरेच्या खाली टांगली नाही की पिशवीतली घाण उलटी आत. जोड उघडला की प्रत्येक वेळी नवे जंतू. "धुवून फायदा नाही," ते म्हणाले, "जोड उघडायचाच नाही. आणि गरज संपली की नळी काढायची. यापेक्षा मोठा उपाय नाही."

वहिनी रडायला लागली. मला तिची दया आली आणि दया आल्याचाही राग आला. कारण भाऊ भिंतीला टेकून उभा होता आणि फोनवर कोणाला तरी सांगत होता, "आयेक जरा अशक्तपणा इलो." अशक्तपणा! जंतू रक्तात गेले होते. दोन दिवस डॉक्टर आम्हाला धड काही सांगत नव्हते, जगेल म्हणून नाही की मरेल म्हणून नाही. आणि ह्याला अजूनही पाहुण्यांसमोर काय दिसावं त्याचीच काळजी.

आई वाचली. लघवीही आपणहून व्हायला लागली, नळीशिवाय. पण ती घरी आली तेव्हा पायांतलं बळ पार गेलेलं. चालायचे जे दिवस होते ते खाटेत गेले होते, आधी नळीमुळे आणि मग तापामुळे. जत्रा केव्हाच आटपली होती. ओटी वहिनी जाऊन भरून आली होती, आईच्या नावाने, तोच हिरवा खण. आईला सांगितलं तेव्हा तिने उशाशी, खण असायचा तिथे, हात फिरवला. मग म्हणाली, "माझी ओटी आणि दुसऱ्याचो हात." भिंतीकडे तोंड करून निजली. एवढंच. ती आरडली असती तर मला सोसलं असतं.

त्यानंतर रोज सकाळी मी तिला वॉकर धरून अंगणात चालवलं. आधी तुळशीपर्यंत, मग माडापर्यंत. न्हाणीत ती एकटी जायला लागली त्या दिवशी तिने आतून कडी लावली आणि मी बाहेरून ओरडले, "कडी नको गो, पडशील!" आतून उत्तर आलं, "गप रव."

यंदाची तारीख ठरली तशी भावाचा फोन आला. मी भाजी चिरत होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला. आई समोरच बसलेली. तो म्हणाला, "आयेक यंदा न्हेवया. पण रांगेत मधीच लागली तर खंय जातली? मी काय म्हणतंय, एका दिवसापुरती नळी लावून घेवया. तिकाय बरा, तुकाय बरा."

मी सुरी खाली ठेवली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आईने हात लांब करून फोन जवळ ओढला.

"झिला," ती म्हणाली, "आधी तू लावून घे. लावून जत्रेत फिर. बरी वाटली तर माका सांग."

आईने फोन उलटा करून ठेवला, वॉकर पुढे ओढला आणि उठली.

"खंय चललंस?" मी विचारलं.

"मालवणाक. खण आणूक. चल, पिशी घे."